एचयूआयडी दागिन्याचा असतो, मालकाचा नाही

"सोन्यावरच्या सहा अंकी-अक्षरी एचयूआयडीमुळे कोणाच्या घरात किती सोनं आहे ते सरकारला कळतं, आणि हा क्रमांक नसलेले जुने दागिने आता बेकायदा आहेत" असा मेसेज सगळीकडे फिरतोय. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. एचयूआयडी म्हणजे हॉलमार्क केलेल्या, म्हणजे शुद्धता तपासून अधिकृत खूण उमटवलेल्या, प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक.

आधी सरकारला कळण्याचं. हा क्रमांक दागिन्यावर कधी पडतो ते पाहा. सराफ नग हॉलमार्किंग केंद्राकडे पाठवतो. तिथे कस तपासतात, मग भारतीय मानक ब्यूरोच्या पोर्टलवरून प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक मिळतो आणि तो लेझरने उमटवतात. हे झाल्यावर दागिना दुकानात मांडला जातो. गिऱ्हाईक अजून आलेलंच नसतं, मग त्याचं नाव नोंदणार कोण? नोंदीत असतो तो सराफ, तपासणी केंद्र, नगाचा प्रकार आणि शुद्धता. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो हे खरं, पण तो आयकराचा नियम 2016 पासूनचा. एचयूआयडी आला जुलै 2021 मध्ये.

जुन्या दागिन्यांचं उत्तर छोटं आहे. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडी असलेलेच हॉलमार्क दागिने विकण्याचं बंधन आहे, आणि ते विकणाऱ्या सराफावर आहे, घरात सोनं ठेवणाऱ्यावर नाही. आजीच्या पाटल्या बिनधास्त ठेवा, मोडायच्या तर मोडा. त्या वितळवून सराफाने नवा दागिना घडवला आणि विकायला ठेवला, तर त्याला नवा क्रमांक पडेल. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या नगांना तर हॉलमार्कची सक्तीच नाही.

आणि याउलट "नंबर आहे ना, मग सोनं अस्सलच" असं म्हणणारेही आहेत. तेही बरोबर नाही. कोरलेला क्रमांक दुसऱ्या नगावर उतरवता येतो. म्हणून पैसे देण्याआधी ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकून बघा. हातात बांगडी आणि अ‍ॅपवर अंगठी, किंवा बिलावर 22 कॅरेट आणि अ‍ॅपवर 18 असं दिसलं, तर तो दागिना घेऊ नका.

मला या अफवेचा राग येतो तो इथेच. घाबरून लोक बिनक्रमांकाचं, बिनबिलाचं सोनं घेतात आणि स्वतःचाच हक्क गमावतात. हॉलमार्क असलेल्या दागिन्याची शुद्धता कमी निघाली, तर विकलेल्या वजनावर त्या तुटीची जेवढी किंमत होते, तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. तशी तरतूद ब्यूरोच्या 2018 च्या नियमांतच आहे. ती मागायला बिल हवं, आणि त्यावर नगाचं वजन आणि शुद्धता लिहिलेली हवी.