नोटरी केली म्हणजे घटस्फोट झाला, असं नाही

सध्या व्हॉट्सॲपवर फिरतंय: 'कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. दोघांच्या वकिलांनी बसून ठरवायचं, ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सह्या, नोटरीचा शिक्का, झाला घटस्फोट.' यातलं बसून ठरवणं उत्तम, पुढचं घातक.

नवरा-बायको आणि दोघांचे वकील अशा चौघांनी एका टेबलाशी बसायची पद्धत खरीच आहे. अमेरिकेत मिनियापोलिसचे वकील स्टुअर्ट वेब यांनी ती १९९० मध्ये सुरू केली. बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचं, कोर्टात उभं राहायचं नाही, ही तिची खरी गोम. पण तिथेही शेवटचा हुकूम न्यायालयच देतं.

आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब आहे. वर्षभर वेगळं राहिलेल्या जोडप्याने संमतीने एकत्र अर्ज करायचा. अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत ठरावीक परिस्थितीत माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. (काही समाजांतली रूढीची काडीमोड कायदा मानतो, पण ती रूढी सिद्ध करावी लागते.)

ओळखीतल्या एका ताईंनी असा कागद लॅमिनेट करून दागिन्यांच्या डब्याखाली जपला होता. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न ठरत होतं! ते झालं असतं तर रद्दबातल ठरलं असतं, वर गुन्हाही. म्हणून कळकळीने सांगते: पोटगी, मुलांचा ताबा, घर, सगळं घरी बसून जरूर ठरवा, आणि तो करारनामा अर्जासोबत कौटुंबिक न्यायालयात दाखल करा.