‘क्रेटाच्या पैशात डिस्कव्हरी’: न सांगितलेला अर्धा हिशेब

गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक रील जोरात फिरतंय. मजकूर थोडक्यात असा: नवी क्रेटा घेऊन काय करणार? तेवढ्यात दहा-बारा वर्षं जुनी लँड रोव्हर डिस्कव्हरी किंवा रेंज रोव्हर स्पोर्ट दारात उभी राहते. मेंटेनन्सचा बाऊ शोरूमवाले करतात. कंपनी आता टाटांची, त्यामुळे पार्टची चिंता नाही. बाहेरच्या गॅरेजात काम निम्म्यात होतं. कमी चाललेली गाडी बघून घ्या, वर्षाला पन्नास हजारांत भागतं. एअर सस्पेन्शनने, म्हणजे स्प्रिंगऐवजी बसवलेल्या हवेच्या फुग्यांनी, त्रास दिलाच तर साधी स्प्रिंग टाका, विषय संपला.

पसरण्यासारखाच मेसेज आहे, कारण प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हणही त्याखाली कुणी ना कुणी टाकतोच. पण इथे कोंबडीसुद्धा चार आण्यांची नाही. डिस्कव्हरी ३ जगात आली 2004 मध्ये, डिस्कव्हरी ४ आली 2009 मध्ये आणि 2016 पर्यंत बनत राहिली. भारतात नवी असताना या गाड्या अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा त्याहून वर जात. उतरली ती गाडीची किंमत; पार्टची नाही. सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा कंप्रेसर विकणारा तुम्ही गाडी कितीला उचलली ते विचारत नाही.

किंमत इतकी का उतरली, हा प्रश्न रीलमध्ये कुठेच नाही. त्याच वयाची टोयोटा प्राडो किंवा लँड क्रूझर शोधून बघा. रस्ते तेच, गिऱ्हाईकही साधारण तेच, पण त्यांचे भाव एवढे कोसळलेले दिसणार नाहीत. मधला फरक म्हणजे बाजाराने आधीच वजा केलेलं दुरुस्तीचं बिल. आधीच्या मालकाने ते टाळलं, तुम्हाला तेवढी सूट मिळाली. बिल अजून भरायचंच आहे.

आता टाटांचं. टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर फोर्डकडून घेतली 2008 मध्ये. डिस्कव्हरी ३ त्याआधीच रस्त्यावर होती. तिचं 2.7 लिटरचं व्ही-सिक्स डिझेल इंजिन फोर्ड आणि फ्रान्सच्या पीएसए गटाने मिळून केलेलं. प्यूजो, सिट्रोएन आणि जग्वारमध्येही ते बसवलं गेलं. पुण्याजवळ 2011 पासून जोडणी सुरू झाली ती फ्रीलँडर २ ची, तीही बाहेरून आलेल्या सुट्या भागांची. डिस्कव्हरी ३ आणि ४ इथे तयारच आयात होत होत्या. टाटा हॅरियरचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी-एट प्लॅटफॉर्मवरून घेतलाय हे खरं, पण ते नातं डिस्कव्हरी स्पोर्ट या वेगळ्या मॉडेलशी. हॅरियरचा बुश, म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा, जुन्या डिस्कव्हरीला बसत नाही. मालक मुंबईतला असला म्हणून पार्ट पिंपरीत बनत नाही.

बाहेरच्या गॅरेजचा मुद्दा मात्र मला बराचसा मान्य आहे. लँड रोव्हरच्या डब्यातून येणारा गिअरबॉक्सचा भाग मुळात झेडएफ या कंपनीचा असतो, इंजेक्टर एखाद्या नावाजलेल्या सप्लायरचा. तोच माल मूळ सप्लायरच्या स्वतःच्या डब्यात घेतला तर स्वस्त पडतो, आणि जाणकार मेकॅनिक हे जाणतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांतून काढलेला मालही मिळतो. बंपर, दिवा, दरवाजा तिथून घ्यायला हरकत नाही. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) किंवा कंप्रेसर तिथून घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं.

पण ‘निम्म्यात’ हा आकडा मजुरीवर आधारलेला आहे, आणि या गाडीची मजुरी साधी नाही. डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्ये टर्बोपर्यंत हात पोचावा म्हणून बरीच गॅरेजं अख्खी बॉडी चासीवरून उचलतात. अडीच टनांच्या आसपासची गाडी. त्याला योग्य लिफ्ट हवी, जागा हवी आणि आधी चार वेळा हे केलेला माणूस हवा. शिवाय गाडीतले दोष वाचणाऱ्या साध्या ओबीडी स्कॅनरला सस्पेन्शनचं मॉड्यूल दिसतच नाही. लँड रोव्हरसाठीचं खास उपकरण लागतं. अशी गॅरेजं मुंबई-पुण्यात आहेत. सांगली किंवा बीडला गाडी अडली तर फ्लॅटबेडचं भाडं कोण भरणार?

कमी चाललेल्या गाडीचा सल्ला तर उलटा आहे. या व्ही-सिक्स डिझेलला दोन बेल्ट असतात: पुढे टायमिंग बेल्ट, मागे डिझेलचा हाय-प्रेशर पंप फिरवणारा. दोन्ही नुसत्या किलोमीटरवर नाही, तर वयावरही बदलायचे असतात. ब्रिटनच्या वेळापत्रकात ती मुदत सात वर्षांची. इथल्या उन्हाधुळीत ती ताणण्यात शहाणपण नाही. बारा वर्षांत चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या मालकाला बेल्टचा विचारही शिवलेला नसतो, कारण मीटरवर ‘अजून खूप आहे’ असं दिसतं. पुढचा टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

गिअरबॉक्सचंही तेच. ‘आयुष्यभराचं ऑइल’ असं सांगून गाडी विकली गेली, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. फिल्टर प्लॅस्टिकच्या ऑइल पॅनमध्येच बसवलेला, म्हणजे फिल्टरसाठी अख्खा पॅन घ्यायचा. आणि याच व्ही-सिक्स घराण्यात बेअरिंग फिरून क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) मोडल्याच्या तक्रारी जगभर आहेत. ते प्रत्येक गाडीला होत नाही. झालं तर मात्र गोष्ट लाखांत जाते, आणि पुढचा प्रश्न दुरुस्त करायची की भंगारात द्यायची हा असतो.

सस्पेन्शनचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे पैसा दोनदा जातो. चारही चाकांवर रबरी फुगे आहेत, त्यांत हवा भरणारा एकच कंप्रेसर. फुग्याच्या घडीत चिखल आणि बारीक खडी अडकते, रबर जुनं होतं, केसाएवढी गळती सुरू होते. गाडी रात्रीत एका कोपऱ्यात किंचित बसते. सकाळी कंप्रेसर ती उचलतो. रोज उचलतो. हवा सुकवणारा ड्रायर ओला होतो, आणि एके दिवशी कंप्रेसर जळतो. मालक नवा कंप्रेसर टाकतो, गळती तशीच ठेवतो, आणि काही महिन्यांत तोही जातो. मूळ हिताची कंपनीच्या कंप्रेसरऐवजी एएमके या दुसऱ्या कंपनीचा बसवला तर जुन्या गाडीत सॉफ्टवेअरही बदलावं लागतं. ते न करता बसवून देणारे कमी नाहीत.

त्यावर रीलचा तोडगा: साधी स्प्रिंग. होतं तसं, किट मिळतात. पण मग गाडी उंच होत नाही. एअर सस्पेन्शनच्या डिस्कव्हरी ३ ला 700 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची मुभा आहे, स्प्रिंगवाल्या मॉडेलला 600. टेरेन रिस्पॉन्सचा, म्हणजे वाटेप्रमाणे गाडीचं वागणं बदलणारा, खटका राहतो, पण उंचीचा भाग हरवतो. डॅशबोर्डवरचे इशारे गप्प करायला आणखी एक इलेक्ट्रॉनिक डबी बसवावी लागते. सह्याद्रीतल्या चिखलवाटांसाठी ही गाडी घ्यायची आणि तिला चिखलासाठी दिलेली गोष्टच काढून टाकायची; मग फॉर्च्युनर काय वाईट होती?

‘वर्षाला पन्नास हजार’ ही सरासरीची भाषा आहे, आणि जुन्या आलिशान गाडीचा खर्च सरासरीने येत नाही. दोन वर्षं पन्नास हजारांत जातीलही. रील त्याच दोन वर्षांत काढलेलं असतं. तिसऱ्या वर्षी टर्बो, कंप्रेसर आणि पुढची चाकं धरून ठेवणारे कंट्रोल आर्म एकाच पावसाळ्यात रांगेत उभे राहतात. म्हणून वर्षाला किती, असं विचारण्यात अर्थ नाही. एका फटक्यात किती बाहेर काढता येतील, हे विचारावं. माझा अंदाज कडक वाटेल, पण गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम खरेदीच्या दिवशीच बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी परवडत नाही.

डिझेलचं गणित छोटं आहे. वर्षाला 10,000 किलोमीटर, लिटरला 8 किलोमीटर: 1,250 लिटर. लिटरला 15 देणाऱ्या गाडीला 667. डिझेल 90 रुपये धरलं तर फरक 52,000 च्या पुढे. रीलमधला वर्षाचा सगळा मेंटेनन्स इथेच संपला.

विम्याचा तर मेसेजमध्ये उल्लेखही नाही. गाडी दहा वर्षांपुढची असेल तर साध्या पॉलिसीत धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. रबर आणि प्लॅस्टिकवर वय कितीही असो, 50 टक्के. इतक्या जुन्या गाडीला झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, सहसा मिळत नाही. दुरुस्ती विमा-मूल्याच्या 75 टक्क्यांपुढे गेली की गाडी टोटल लॉस. पार्ट अर्ध्या कोटीच्या गाडीचे आणि विमा-मूल्य क्रेटाचं असेल, तर समोरची एक चांगली धडक पुरते.

आणि सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या गाड्या दिल्लीच्या असतात. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर तिथे 2015 मध्ये हरित न्यायाधिकरणाने आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधनं आणली. भाव त्यामुळेही पडले. ती इथे आणायची तर एनओसी, नव्याने पासिंग आणि वयाप्रमाणे घटवलेला महाराष्ट्राचा वाहनकर. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला 2022 पासून साध्या मोटारीला 5,000 रुपये लागतात, पण आरसीवर आयात गाडी अशी नोंद असेल तर 40,000. वीस वर्षांपुढे, 2025 च्या बदलानंतर, 80,000. बारा वर्षांची गाडी आज घेणाऱ्याला पंधरा वर्षांचा टप्पा तीन वर्षांवर आहे.

एवढं वाचूनही घ्यायचीच असेल, तर टेस्ट ड्राइव्हवर भुलू नका. या गाड्या चालवायला अप्रतिम आहेत, तिथेच माणूस फसतो. गाडी रात्रभर सपाट जागी उभी करायला सांगा. संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा, सकाळी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. थंड इंजिन स्वतः सुरू करा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेलं नको. खास उपकरणाने स्कॅन करून घ्या. दोन्ही बेल्ट आणि गिअरबॉक्स ऑइलची बिलं मागा, तारीख आणि किलोमीटर लिहिलेली. ‘बदललंय साहेब, बिल सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर ती कामं व्हायची आहेत असं धरून तेवढे पैसे किमतीतून वजा करा.