कोअरमध्ये गाऊन ‘इम्युनिटी 240 टक्के’ वाढत नाही

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कोअरमध्ये, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांच्या समूहात, गायलं की रोगप्रतिकारशक्ती 240 टक्क्यांनी वाढते, सगळ्यांची हृदयं एका ठोक्यावर चालतात, स्मरणशक्ती सुधारते, गोळ्या सुटतात आणि गाण्याला दुसरा पर्याय नाही.

240चा आकडा हवेतला नाही. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या एका कोअरच्या गायकांची लाळ तपासली होती. तिच्यातलं आयजीए हे प्रतिपिंड तालमीनंतर 150 टक्के आणि कार्यक्रमानंतर 240 टक्के वाढलेलं आढळलं. पण लाळेतलं हे प्रमाण दिवसभर वर-खाली होतच असतं. ते वाढलं म्हणून माणूस आजारातून वाचतो, असं नाही. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीच्या कोअरची अडीच तास तालीम झाली. खुर्च्या जेमतेम वीतभर अंतरावर, मध्ये खाणं, शेवटी सगळ्यांनी मिळून खुर्च्या उचलून ठेवल्या. 61 जण आले होते. त्यातल्या 53 जणांना कोविड झाला किंवा झाल्याचं मानलं गेलं. दोघं दगावले. दमा किंवा मधुमेह असलेल्यांना असला मेसेज पाठवताना हे आठवायला हवं.

हृदयांची गोष्ट मात्र मला फार आवडते, कारण तिच्यामागचं कारण साधं आहे. श्वास घेताना नाडी जरा वेगाने चालते, सोडताना मंदावते. गाणाऱ्यांचा श्वास ओळीला बांधलेला: ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेतात. त्यामुळे नाडीचे चढ-उतारही एकत्र होतात. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 साली 15 तरुणांवर हेच दाखवलं. ठोके एक झाले नव्हते, लय जुळली होती.

स्मरणशक्तीचं उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतून मिळतं. तिथे 12 केंद्रांतले 390 ज्येष्ठ अभ्यासात होते. सहा महिने कोअरमध्ये गाऊन स्मरणशक्तीत लक्षणीय फरक पडला नाही. एकटेपणा मात्र कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात साठीपुढच्या 258 जणांच्या चाचणीतही दर आठवड्याला गाणाऱ्यांची चिंता आणि नैराश्य तीन महिन्यांत कमी झालेलं दिसलं. खरी मोलाची गोष्ट ही, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. याचाच मला राग येतो.

गोळ्यांबद्दल एकच: डॉक्टरांना विचारल्याशिवाय बीपीची गोळी बंद करू नका.

राहिला ‘दुसरा पर्याय नाही’ हा दावा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 साली गाण्याच्या वर्गांची तुलना हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांशी केली. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांत सारखीच जवळीक होती. गाणाऱ्यांत ती लवकर आली, एवढाच फरक. म्हणून गाण्याची आवड नसेल, तर विणकामाच्या वर्गाला जा, काही बिघडत नाही. पण मुलाकडे नव्या शहरात राहायला आलेल्या, ओळख काढायला संकोचणाऱ्या काकूंना मी आधी कोअर किंवा भजनी मंडळच सुचवेन. तिथे पहिल्या दिवशी कुणाशी बोलावं लागत नाही, नुसतं सोबत गायचं असतं.