‘घरं दिली, तर दारं जाळली’ : एका फॉरवर्डची झाडाझडती

ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. तपशील बदलतात, सांगाडा तोच राहतो. इथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांना, घर बांधणं कधी माहीतच नव्हतं. सरकारने त्यांना फुकट घरं दिली. त्यांनी दारं उपटून शेकोट्या पेटवल्या, नळ मोडले, संडास तुंबवले आणि शेवटी अंगणात गाद्या टाकून झोपले, कारण त्यांना घर नकोच असतं. आता म्हणे त्यांच्या ‘संस्कृतीला साजेशी’ घरं बांधायची टूम निघालीय, म्हणजे आपल्या करातून आणखी उधळपट्टी. या गोष्टी आपण रचलेल्या नाहीत. गोऱ्या ऑस्ट्रेलियात त्या कित्येक दशकं तोंडोतोंडी चालत आल्यात, आपण त्या मराठीत आणून पुढे ढकलतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. २०२१च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी सुमारे १५ टक्केच दुर्गम भागात राहतात. बाकीचे तुमच्या-आमच्यासारखेच शहरांत आणि गावांत आहेत. मजकूर सरसकट ‘ते’ म्हणतो, पण बोलतो त्या १५ टक्क्यांबद्दल. पुढचा प्रतिवादही मुख्यतः त्यांच्याच घरांविषयी आहे.

‘घर बांधणं माहीतच नव्हतं.’

व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येला बज बिम नावाचा जुना लाव्हाप्रदेश आहे. तिथल्या गुंडिचमारा लोकांनी लाव्हाचे दगड रचून आणि पाट खोदून वाम मासे वाढवायची आणि पकडायची व्यवस्था उभी केली. तिचे सर्वांत जुने भाग सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचे आहेत, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारशात घेतलं. त्याच परिसरात दगडी जोत्यांच्या गोलसर घरांचे अवशेष आहेत. क्वीन्सलँडच्या ईशान्येकडच्या पावसाळी जंगलात वेताचे सांगाडे वाकवून आणि पानांनी शाकारून घुमटाकार घरं होत, आणि पावसाळा आला की लोक पुन्हा त्याच जागी वस्तीला येत. उत्तर किनाऱ्यावरच्या आर्नहेम लँडमध्ये उंच मचाणावर झाडाच्या सालीचं छप्पर घालत आणि मचाणाखाली धूर करत, म्हणजे डास वर यायचे नाहीत. वाळवंटात थंडीच्या वाऱ्याला आडोसा, उन्हाला मांडव, पावसाला स्पिनिफेक्स गवताने झाकलेली खोपटी. एका ऋतूत एक, दुसऱ्यात दुसरं. यातलं बरंच काही टिकाऊ नव्हतं हे खरं, पण ते टिकवायचं नव्हतंच.

‘सरकारने फुकट घरं दिली.’

दिली ती कशी होती तेही सांगायला हवं. १९५० आणि ६०च्या दशकांत देशाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात ‘किंगस्ट्रँड’ नावाच्या तयार अ‍ॅल्युमिनियमच्या झोपड्या उभारल्या गेल्या. एक खोली, खाली काँक्रीट, आत नळ नाही. मध्य ऑस्ट्रेलियाच्या उन्हात त्या पत्र्यात काय होत असेल याची कल्पना कुणालाही करता येईल. धोरण असं होतं की कुटुंबाने आधी या झोपडीत ‘नीट राहून दाखवायचं’, मग पुढच्या पायरीचं घर मिळणार. परीक्षा भाडेकरूची, घराची नाही.

‘फुकट’ही खोटं आहे. ही सार्वजनिक घरं भाड्याची आहेत. ॲलिस स्प्रिंग्जजवळच्या सांता तेरेसा, म्हणजे ल्टेंट्ये अपुर्ते, या गावातल्या भाडेकरूंनी २०१६ मध्ये दुरुस्त्या होत नाहीत म्हणून घरमालकावर दावा लावला. घरमालक म्हणजे सरकारच. एका वृद्ध स्त्रीच्या घराला ६८ महिने मागचं दारच नव्हतं. हिशेब करा, साडेपाच वर्षांहून जास्त. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल लागला की अशा मनस्तापाची भरपाई भाडेकरूला मिळू शकते. तोवर ती स्त्री हयात नव्हती. दारं जाळल्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी हे दारही कधीतरी सांगावं.

‘घरं त्यांनीच मोडली.’

या दाव्याची खरोखर मोजणी झाली आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला अनांगू लोकांची जमीन आहे. तिथल्या ङानाम्पा आरोग्य परिषदेचे प्रमुख यामी लेस्टर होते. दवाखाने सुधारले, तरी तीच माणसं तेच आजार घेऊन परत येत होती: खरूज, कातडीवरचे फोड, खुपऱ्या, पोरांचे जुलाब-न्यूमोनिया. कातडीवरच्या जंतुसंसर्गातून पुढे हृदयाच्या झडपाही निकामी होऊ शकतात. माणसं आजारीच पडू नयेत यासाठी काय करावं, हे शोधायला लेस्टर यांनी वास्तुरचनाकार पॉल फोलेरोस, डॉक्टर पॉल टॉर्झिलो आणि पर्यावरण-आरोग्याचे जाणकार स्टीफन रेनो यांना बोलावलं. १९८७च्या त्यांच्या अहवालात आरोग्याला लागणाऱ्या नऊ गोष्टी क्रमाने लावल्या होत्या. पहिली गोष्ट साधी होती: रोज आंघोळ करता आली पाहिजे, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांना.

आंघोळीला काय लागतं? तोटी फिरली पाहिजे, गरम पाणी आलं पाहिजे, ते वाहून गेलं पाहिजे. मग या गटाने देशभर हजारो घरं तपासली, एकेक तोटी, स्विच, गटाराची जाळी. नियम असा की नुसती पाहणी करायची नाही. पहिल्याच दिवशी दुरुस्ती सुरू करायची, आणि काम गावच्याच प्रशिक्षित लोकांनी करायचं. तपासलेल्या घरांपैकी जेमतेम ३५ टक्के घरांत शॉवर चालू होता. का बंद? सुमारे ७० टक्के बिघाड नेहमीच्या देखभालीअभावी, २१ टक्के मुळातल्या सदोष बांधकामामुळे. वापरणाऱ्याच्या चुकीमुळे किंवा तोडफोडीमुळे झालेले बिघाड सुमारे ९ टक्के.

ते ९ टक्के मी लपवत नाही. काच फुटते, पोरं दगड मारतात, दारूच्या रात्री दार लाथेने तुटतं. मजकूर या नऊवर उभा आहे आणि एक्क्याण्णवबद्दल गप्प आहे.

देखभालीचा बिघाड म्हणजे काय तेही पाहा. मध्य ऑस्ट्रेलियातलं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, त्याने गिझर आणि तोट्या आतून खाल्ल्या जातात. प्लंबर शेकडो किलोमीटरवरून येणार, तोही पुरेशी कामं साठल्यावर. चार-पाच माणसांच्या हिशेबाने बसवलेल्या संडास-गिझरवर पंधरा माणसांचा भार, कारण गावात दुसरं घरच नाही. अशा घरात मुंबईतली एखादी सोसायटी ठेवली असती, तरी वर्षभरात तेच झालं असतं.

‘ते बाहेरच झोपतात, त्यांना घर नकोच असतं.’

बाहेर झोपतात हे खरं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांच्या जुन्या वस्तीत जोडप्यांची जागा वेगळी, एकट्या पुरुषांची वेगळी, आणि विधवा व इतर एकट्या राहणाऱ्या स्त्रियांची वेगळी, तिला ‘जिलिमी’ म्हणतात. मध्य ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच समाजांत सासू आणि जावई यांनी समोरासमोर यायचं नाही, बोलायचं नाही. जुन्या वाड्यात सासरा माजघरात शिरण्याआधी खाकरायचा, सून पदर सावरायची. त्याच जातीची ही मर्यादा, फक्त कितीतरी कडक. आता या कुटुंबाला अरुंद बोळ, एक न्हाणीघर आणि एकच बाहेरची वाट असलेलं उपनगरी घर द्या. सासू न्हाणीघरात असेल तर जावई अंगणात थांबणार, रात्र असेल तर तिथेच झोपणार. माणूस वारला की बऱ्याच ठिकाणी ते घर काही काळ सोडतात आणि धुरी देऊन मगच परततात. तेवढ्या काळात ती माणसं नातेवाइकांच्या घरी, म्हणजे तिथली गर्दी दुप्पट.

शिवाय उष्मा. दुर्गम नॉर्दर्न टेरिटरीत पुष्कळ घरांना प्रीपेड विजेचं मीटर असतं. पैसे संपले की वीज बंद. सुमारे ३,३०० घरांच्या २०१८-१९च्या नोंदी तपासल्या, तर ९१ टक्के घरांची वीज वर्षात एकदा तरी गेली होती आणि ७४ टक्के घरांची दहापेक्षा जास्त वेळा. ती अति उष्ण आणि अति थंड दिवशीच जास्त जात होती. दिवसभर तापलेल्या काँक्रीट ब्लॉकच्या खोलीत बंद कूलरखाली झोपणं आणि बाहेर वाऱ्यात झोपणं, यात शहाणा माणूस काय निवडेल?

‘संस्कृतीला साजेसं घर म्हणजे उधळपट्टी.’

इथे समोरच्याला थोडं द्यावं लागेल. छतावर बूमरँगचा आकार आणि भिंतीवर ठिपक्यांची चित्रं, एवढ्यालाच ‘सांस्कृतिक डिझाइन’ म्हणणारे महाभाग आहेत. गाजलेली चांगली उदाहरणंही एकेकटीच राहिली. वास्तुरचनाकार ग्लेन मरकट यांनी १९९४ मध्ये आर्नहेम लँडमधल्या यिर्कला इथे बांधलेलं मारिका-अल्डरटन घर वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं: जमिनीपासून उचललेलं, काचेऐवजी उघडमिटीची फळकुटं, आतली माणसं बाहेरचं पाहू शकतात पण बाहेरच्याला आतलं दिसत नाही. मुलं उगवतीकडे, आईबाप मावळतीकडे, ही घरमालकिणीची सूचना. सुंदर घर आहे, पण एका घराने गावाची टंचाई मिटत नाही.

मात्र प्रत्यक्षात लोक जे मागतात ते महाग नाही. न्हाणीघराला बाहेरूनही दार. दोन वाटा. रुंद पडवी, जिथे झोपताही येईल आणि कोण येतंय ते दिसेल. चूल पेटवायला बाहेर जागा. नॉर्दर्न टेरिटरीतल्या टेनंट क्रीकमध्ये वारुमुंगू समाजाचे ज्येष्ठ नॉर्मन फ्रँक जुपुरुर्ला आणि डॉक्टर सायमन क्विल्टी यांच्या पुढाकाराने ‘विल्या जांता’ ही संस्था हेच करते. राहणारे लोक वास्तुरचनाकारांसोबत बसून घराचा आराखडा ठरवतात. दार कुठे असावं हे बांधण्याआधी विचारण्याला जादा विटा लागत नाहीत.

उधळपट्टीच मोजायची तर दुसरीकडे मोजा. २००८ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी ६७.२ कोटी डॉलरचा गृहबांधणी कार्यक्रम जाहीर झाला, ७५० नवी घरं बांधायची होती, आणि वर्ष उलटलं तरी एकही नवं घर तयार नव्हतं, म्हणून गदारोळ झाला. याउलट न्यू साउथ वेल्सच्या आरोग्य खात्याने वर सांगितलेल्या पद्धतीच्या, तोट्या-गटारं-वीज दुरुस्त करण्याच्या साध्या कार्यक्रमाचा दहा वर्षांचा हिशेब २०१० मध्ये मांडला. दुरुस्त झालेल्या घरांतल्या लोकांचं संसर्गजन्य आजारांनी इस्पितळात भरती होणं, कार्यक्रम न पोचलेल्या ग्रामीण अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी निघालं.