गुंठ्याला 85 रुपये

परवा ऑफिसात चहा घेताना एकजण म्हणाला, तुमचं गाववाल्यांचं बरंय राव, पाऊस पडला की सरकार खात्यात पैसे टाकतं. तिथं गप्प बसलो, म्हणून आता इथं लिहितोय.

आमचं रान परंडा तालुक्यात, सीनेच्या कडेला. सप्टेंबर 2025 ला नदी आत शिरली, सोयाबीन तर गेलंच पण खालच्या एकरातली मातीपण घेऊन गेली. 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, टीव्हीवर दिवसभर तोच आकडा, आणि अण्णांचा फोन आला, "आपल्या वाट्याला किती रं?"

आता हिशोब बघा. जिरायतीला हेक्टरी 8,500, म्हणजे गुंठ्याला 85 रुपये. पुण्यात दोघांचा चहा-नाष्टा होतो तेवढ्यात. गेल्या साली आम्ही सोयाबीन काढायचं गुत्तंच एकरी साडेचार हजाराला दिलं होतं आणि ही मदत पडते एकरी 3,400! टीव्हीवर 18,500 ऐकलं असेल तर त्यातले 10,000 रब्बीच्या बी-बियाण्यासाठी म्हणून वेगळे, ते मिळाले तर चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण जानेवारी 2024 च्या जीआरमध्ये हाच दर 13,600 होता आणि मर्यादा 3 हेक्टर. मे 2025 ला तो परत 8,500 वर आणला, मर्यादा 2 हेक्टर केली, आणि पूर आल्यावर पुन्हा 3 हेक्टर केली की झाली मोठी घोषणा. आमचंच काढून आम्हालाच दिलं.

बरं ते तरी सरळ मिळावं. नुकसान 33 टक्क्याच्या वर पाहिजे, मग पंचनामा, मग यादी, मग व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक), मग सेवा केंद्रात केवायसी. फार्मर आयडीवाल्यांना केवायसी माफ झाली पण आमचं घोडं सामाईक खात्यात अडलं. आजोबा गेल्यापासून सातबाऱ्यावर अण्णा आणि दोन आत्या. पैसे एकाच्या खात्यात पाहिजेत तर बाकीच्यांचं संमतीपत्र द्या. थोरल्या आत्यानं लगेच सही दिली. धाकटी बार्शीला, तिच्याकडं अण्णा स्वतः एसटीनं गेले तर म्हणाली, "दादा, सही देते, पण वाटणीचं कधी बोलणार ते सांग." आणि तिचं तरी काय चुकलं? अनुदानाच्या कागदानं वीस वर्षं झाकून ठेवलेला विषय उघडा केला.

जालन्याकडं अंबड-घनसावंगीत याआधीच्या अतिवृष्टी अनुदानात बोगस नावं घालून पैसे उचलले, तलाठी निलंबित झाले, त्यामुळं तपासणी पाहिजे हे मला पटतं. पण ज्यांनी खाल्लं त्यांची केवायसी कशी झटक्यात झाली असेल हो?

आणि खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रोख, वर नरेगातून 3 लाखापर्यंत असं जाहीर झालं. रोख एकवेळ समजू शकतो, पण नरेगातून माती कुठून आणायची, कुणाच्या रानातली उचलायची? विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात.

अण्णांनी वरच्या तुकड्यात ज्वारी पेरली. खालच्या एकरात अजून गोटेच आहेत, परवा व्हिडिओ कॉलवर दाखवत होते, विहिरीजवळ एवढा मोठा खड्डा.