पाणी नंतर उकळू, आधी घाबरून घेऊ

गावात नवीन आजार आलाय आणि तुम्ही अजून घाबरला नाहीत? कमाल आहे तुमची. लोक काय म्हणतील? हातातलं काम ठेवा आणि नीट घाबरायला शिका. शिकवायला आम्ही आहोतच. आम्ही पुण्याच्या सिंहगड रस्त्याची माणसं, या विषयात आमचा हात कुणी धरू शकत नाही. 2025 च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदोशी, धायरी, नांदेड या पट्ट्यात जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार, आला तेव्हा आम्ही महिनाभर अहोरात्र घाबरत होतो. (नांदेड म्हणजे खडकवासल्याजवळचं. मराठवाड्यातल्या नांदेडकरांनाही त्या महिन्यात 'बरे आहात ना' म्हणून फोन गेले असणार. घाबरणाऱ्याने भूगोल बघायचा नसतो.)

सुरुवात नावापासून करा. आजाराचं नाव उच्चारता येत नसेल तर भीती दुप्पट होते. गुलेन, गुइलेन, गियाँ, बॅरी, बारे, ज्याला जसं जमेल तसं तो म्हणत होता. आमच्या खालच्या काकू शेवटपर्यंत 'गुलबारी' म्हणाल्या. कानाला तो आजार न वाटता जुनी लावणी वाटायची. 1916 साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल अशा तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये हा आजार पाहून लिहून ठेवला. पुढे स्ट्रोल नावातून गळाला. काम तिघांनी करायचं आणि पाटीवर नावं दोघांची, म्हणजे ही मंडळी मूळची आपल्याच पेठांतली असणार. आजार तेव्हापासून आहे, दरवर्षी लाखात एखाद-दुसऱ्याला होतोच, हे मात्र कुणाला सांगू नका. जुन्या आजाराला कोण घाबरतं?

नाव पाठ झालं की लक्षणं. ती रुग्णात शोधायची नसतात, स्वतःत शोधायची. या आजारात, अनेकदा पोटाच्या एखाद्या संसर्गानंतर, शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते, पायांत मुंग्या येतात, अशक्तपणा पायांकडून वर सरकतो. एवढं वाचलं आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये टाचांवर चालायला सुरुवात केली. मग चवड्यांवर. मग डोळे मिटून एका पायावर. चौथ्या दिवशी तिथे आठ जण होते आणि वॉचमन मामांना वाटलं योगवर्ग सुरू झालाय, त्यांनी सतरंजी आणून दिली. रात्री काका सोफ्यावर मांडी ठोकून दीड तास बातम्या बघत आणि उठताना ओरडत, "अगं, आल्या! मुंग्या आल्या!" आतून आवाज यायचा, "पाय सरळ करा आधी."

हे तुम्हीही करा. पण खरोखरच एक-दोन दिवसांत जिना चढताना पाय उचलेनासे झाले, हातातला पेला निसटायला लागला, तर मात्र अजिबात घाबरू नका. थंडीचं होतंय म्हणा, तेल चोळा, दोन दिवस अंगावर काढा. लगेच दवाखान्यात जा, वेळेत गेलात तर बहुतेक जण बरे होतात, असं डॉक्टर सांगतात. त्यांना काय कळतं?

आता महत्त्वाचं काम, आरोपी शोधणं. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जिवाणू सापडला. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो, एवढं समजलं आणि आमच्या चौकातल्या चिकनवाल्याच्या दुकानासमोर शुकशुकाट झाला. तो बिचारा काउंटरवर कोपर टेकून, माशा वारत बसलेला. मी सहज विचारलं तर म्हणाला, "साहेब, कोंबडीला ताप आला तरी मी मरतो, माणसाला आला तरी मीच मरतो." 2006 मध्ये बर्ड फ्लू आला नवापूरला, इथून कित्येक कोस दूर. त्याच्या वडिलांनी तेव्हाही महिनाभर माशाच वारल्या होत्या.

आता, आपल्याकडे कोंबडी पाऊण तास रटरटते. तेवढ्या रश्शात एखादा जिवाणू तगला तर त्याला मारायचं कशाला, शाल-श्रीफळ द्यायला हवं. पण आपण रश्शाला घाबरायचं. कच्चं चिकन ज्या सुरीने आणि ज्या पाटावर कापलं, त्याच सुरीने, नुसती नळाखाली धरून, कोशिंबिरीची काकडी चोचवायची, तिला घाबरायचं नाही. काकडी शाकाहारी आहे.

सवय नसेल तर जड जाईल, पण आपली परंपरा मोठी आहे. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा पहिला बळी गेला तेव्हा बापजन्मात डुकराचं मांस न खाल्लेली माणसं डुक्कर दिसलं की रस्ता बदलत होती. कापूर आणि वेलची रुमालात बांधून सगळं शहर पुरचुंडी हुंगत होतं, रात्री भूत येणार असल्यासारखं. 2020 मध्ये आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, नोटांना इस्त्री केली. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ही सगळी संपदा आहे. नीलगिरी तेलाची बाटली, तळाशी पिवळट थेंब. ऑक्सिमीटर, आत सेल फुटून हिरवं पडलेलं. मोठ्या भांडणानंतर मिळवलेला आणि कधीच न घातलेला एक भारीतला मास्क. प्रत्येक साथीला एक वस्तू विकत घ्या. वस्तू घरात आली की आजार दाराबाहेर थांबतो.

रुग्णांशी कसं वागायचं, हेही शिकून घ्या. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. म्हणूनच जास्त सावध राहा. शेजारच्या बिल्डिंगमधला एक कॉलेजचा मुलगा पंचवीस दिवस अतिदक्षता विभागात होता. यातली इंजेक्शनं एकेक हजारोंची, तीही वजनावर मोजून, सहसा पाच दिवस. त्याच्या आईच्या हातात बांगड्या दिसेनाशा झाल्या. घरी आला तेव्हा वॉकर धरून, एकेक पाऊल मोजत लिफ्टपर्यंत आला. लिफ्टमध्ये चार माणसं होती. चौघंही म्हणाली, "जा तू, आम्ही नंतर येतो." चौघंही त्याच्यासाठी रोज प्रार्थना करत होती, ग्रुपवर, हात जोडलेल्या चित्रांसकट.

राहता राहिलं पाणी. तोच जिवाणू घाण पाण्यातूनही पोटात जातो. हा विषय फारच कंटाळवाणा आहे, म्हणून शक्यतो टाळा. विहिरी, टँकर, जुन्या पाइपलाइनी, नव्याने पालिकेत आलेली गावं, यात कुणाला रस? पालिकेने त्या भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने तपासले तर कित्येकांचं पाणी पिण्यालायक निघालं नाही, त्यांना कुलपं लागली. आम्ही तरीही जारच मागवत होतो. जार निळा असतो, त्यावर डोंगराचं चित्र असतं, तो गार असतो. याहून शुद्ध काय असणार?

सरकार, डॉक्टर, केंद्रातून आलेलं पथक, सगळे एकच घोकत होते, पाणी उकळून प्या, हात धुवा. हा उपाय मनावर घेऊ नका. चहाचं आधण ठेवण्याइतका सोपा उपाय खरा कसा असेल? फारच कुणी मागे लागलं तर आमच्या घरी केलं तसं करा. पाणी वीस मिनिटं खळखळ उकळा, पंख्याखाली गार करा, फडक्याने गाळून माठात ओता आणि मग पेला धरून चार बोटं नखांसकट माठात बुडवा. ओगराळं तिथेच खिळ्याला टांगलेलं असू द्या, शोभेला.

आमच्या सोसायटीने या काळात तातडीची सभा घेतली. अजेंड्यावर दोन विषय होते. पहिला, डिलिव्हरीच्या पोरांना चिकन घेऊन वर सोडायचं का. यावर पन्नास मिनिटं चर्चा झाली, दोघं सभात्याग करून गेले, एक जण चपला विसरल्यामुळे परत आला. दुसरा विषय गच्चीवरची टाकी. तिचं झाकण दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात उडालं. तेव्हापासून तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आहे, चार कोपऱ्यांवर चार विटा. मधे खोलगट होऊन त्यात पाणी साठतं आणि त्या पाण्यात साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्यावर कबुतरं आंघोळ करतात. टाकी धुणाऱ्याने साडेतीन हजार सांगितले होते. सभेत एकमताने ठरलं की हे फार होतात. त्याच आठवड्यात आमच्या विंगमध्ये सहा घरांनी नवीन फिल्टर बसवला.

मामा तेवढे मधेच म्हणाले, "मी वर जाऊन बघितलंय साहेब, आत एक चप्पल आहे." सचिवांनी विचारलं, "कोणाची?" त्यावर वेगळी दहा मिनिटं गेली.

उन्हाळ्यापर्यंत सगळं निवळलं. काकांनी टाचांवर चालणं सोडलं, आता ते हार्ट अटॅकचं वाचतात. चौकातल्या भैय्याने पाणीपुरीच्या गाडीवर 'मिनरल वॉटर' लिहिलं, त्याच्या मागे उपडी बादली आणि नळाची नळी. चिकन पुन्हा महागलं, चिकनवाल्याला माशा वारायला वेळ नाही. आमच्या घरी गॅस वाचवायचं ठरलं.

टाकीचा विषय मी पुन्हा काढला तर सचिव म्हणाले, "आता उन्हाळ्यात कुठे टाकी रिकामी करता? पाऊस पडू दे." पाऊस पडला. पहिल्याच वावटळीत फ्लेक्स उडाला आणि खालच्या गुलमोहरात अडकला. सोसायटीने या वेळी मात्र कमालीची तत्परता दाखवली. मामांना त्याच संध्याकाळी वर पाठवलं, नवा कोरा फ्लेक्स देऊन. मोठा आहे, दुहेरी आहे, चार विटांऐवजी सहा लागल्या.

त्यावर लिहिलंय, 'हार्दिक अभिनंदन'.