टॅपेट वाजू द्या

गेले काही महिने एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय: 'जुनी शंभर सीसी गाडी घरच्या घरी नव्यासारखी पळवा'. त्यात पाच कामं सांगितली आहेत. एअर फिल्टर काढून टाका, सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या फोडा, कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पूर्ण आत पिळा, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरच्या टोकाच्या स्क्रूंचा) आवाज बंद होईपर्यंत ते घट्ट करा, आणि कारचं जाड ऑईल ओता. शेवटी पुस्ती जोडलीय की मेकॅनिक हे कधीच सांगणार नाहीत. मला एका आठवड्यात चौघांनी तो पाठवला, आणि त्यातल्या दोघांनी पाना हातात घेतलाही होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जुन्या गाडीचं काम घरी करावं, याच मताचा मी आहे. वडिलांची १९९७ची स्प्लेंडर मी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली तीनदा खोलून जोडली आहे. पण या पाचांतलं एकही काम करू नका.

टॅपेटपासून सुरुवात करतो, कारण मला ते भोवलंय. थंड इंजिनात रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा आडवा दांडा) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. या जातीच्या इंजिनात ती साधारण ०.०५ मिलिमीटर असते. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला गॅस बाहेर सोडणारा, सगळ्यात जास्त तापतो आणि तापला की लांबतो. शिवाय व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कड्यावर टेकतो ती सीट वर्षानुवर्षं झिजते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. तुम्ही ती आणखी मिटवलीत तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही. आणि त्याला आपली उष्णता टाकायची मुख्य वाट तीच आहे: बंद असताना सीटला टेकायचं आणि ताप हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, द्यायचा. टेकला नाही की पेटलेला गॅस कडेनं निसटतो आणि ती कड करपून जाते.

असाच एक सल्ला ऐकून मी टॅपेट घट्ट केले, तेव्हा आवाज खरंच गोड झाला. महिनाभर मी खूश होतो. मग सकाळी एका किकला सुरू होणारी गाडी रानातून परतताना, इंजिन गरम असताना, पंधरा किक मारल्या तरी दाद देईना. किक पायाखाली नुसती खाली जायची, ओढच लागायची नाही. हेड उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड नखाएवढ्या चंद्रकोरीत खाल्लेली, पांढुरकी. व्हॉल्व्ह बदलला, सीट घासली, आणि फट मापून ठेवायला शिकलो.

ते मापणं घरी जमतं. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. मॅग्नेटच्या बाजूच्या दोन्ही टोप्या काढा आणि फ्लायव्हील घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवत 'टी'ची खूण (पिस्टन अगदी वर आल्याची) खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर बोटांना ढिले लागले पाहिजेत. लागले नाहीत तर अजून एक पूर्ण फेरा द्या. मग फिलर गेजचं (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा) पातं घालून बघा. बरोबर सेट झालेल्या टॅपेटची थंड इंजिनात बारीक टिकटिक येते, ती येऊ द्या. खडखड येत असेल तर ती टायमिंग चेनची किंवा झिजलेल्या रॉकरची असू शकते. ती टॅपेट पिळून जाणार नाही.

आता फिल्टर. आमच्याकडे उसाचा सीझन लागला की कारखान्याच्या रस्त्यावर पुढची ट्रॉली दिसत नाही इतकी धूळ असते. ती धूळ सिलिंडरमध्ये ऑईलला मिळाली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करते. आधी पिस्टनच्या रिंगा जातात, मग बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतो, पण तो पाव-पाव मिलिमीटरनं वाढत एक मिलिमीटरपर्यंतच. म्हणजे एका सिलिंडरला चारच संधी. त्यातली एक कचरापेटीत टाकलेल्या फिल्टरपायी का घालवायची? फिल्टर काढल्यावर गाडी मोकळी वाटते, त्याचंही कारण सरळ आहे. फिल्टर चोंदलेलाच होता. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, दाबून, वाळवून हलकंसं ऑईल लावा. कागदी असेल तर नवा घाला, मोकळेपणा तेवढ्यात मिळतो. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅमच्या आसपास हवा लागते आणि कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) फिल्टरची अडवणूक धरून ठरवलेला असतो. फिल्टर काढून जेट तोच ठेवलात तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन जास्त तापतं, आणि प्लगचा कॉफीसारखा रंग जाऊन तो पांढरा पडतो.

सायलेन्सरचंही तेच. आवाज वाढतो, म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते. टू-स्ट्रोकवाल्यांनी तर याला हातच लावू नये. यामाहाच्या आरएक्स शंभरचा सायलेन्सर हा इंजिनाचाच एक भाग आहे. ताजं मिश्रण एक्झॉस्ट पोर्टातून निसटू लागतं, तेव्हा पाइपाच्या निमुळत्या होत गेलेल्या टोकावरून परतलेली दाबाची लाट ते पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पाइपाचा आकार बिघडवलात की लाटेची वेळ चुकते, आणि तुमचं पेट्रोल रस्त्यावर जातं. कायद्याचंही आहेच. कंपनीनं दिलेल्या रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि पंधरा वर्षं झालेल्या गाडीला पासिंगसाठी आरटीओसमोर उभं राहावंच लागतं.

हवेचा स्क्रू आत पिळला की अ‍ॅव्हरेज वाढतं, हा दावा तर उलटाच आहे. काही कार्बोरेटरांत हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा कमी-जास्त करतो. तो पिळला की हवा घटते आणि गाडी जास्तच पेट्रोल पिते. काहींत तो इंजिनच्या बाजूला असतो आणि मिश्रण आवरतो. तिथे पिळलं की परिणाम नेमका उलटा. आपला कुठला हे न बघता पिळणं म्हणजे अंधारात दगड. आणि दोन्हींचा अंमल चालतो तो स्लो रनिंगला आणि थोड्या रेसला. अ‍ॅव्हरेज हवं असेल तर गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हातानं फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत अडकलं तर पेट्रोल ब्रेकशू खातायत.

कारच्या ऑईलबद्दल थोडक्यात. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडालेले असतात. कारच्या कित्येक ऑईलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी क्लच प्लेटा घसरू लागतात. डब्यावर 'जासो एमए' (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचं मानक) लिहिलेलं, पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं दुचाकीचं ऑईल घ्या. लागतं लिटरभराच्या आतच.

राहिली मेकॅनिक सांगत नाहीत ही पुस्ती. करपलेला व्हॉल्व्ह घेऊन मी तालुक्याच्या स्टँडमागच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो होतो. त्यांनी आधी विचारलं, "घट्ट कुणी केले?" मी सांगितलं, मीच. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, फिलर गेजचं पातं रॉकरखाली सरकवलं, माझी दोन बोटं त्याच्या टोकावर ठेवली आणि म्हणाले, "ओढ. जरा धरल्यासारखं लागतंय ना? एवढंच लागलं पाहिजे. आता तू कर." दुपारभर मला करायला लावलं, आणि पैसे घेतले ते फक्त व्हॉल्व्हचे.